दोन नोंदवह्यांच्या मधले मूल

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद,
नवी दिल्ली.



आपली परिषद १९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाने जन्मास आली आणि १९४९ साली तिने आजचे नाव धारण केले. म्हणजे ज्या दप्तरास उद्देशून मी हे पत्र लिहीत आहे ते शतकाहून अधिक वयाचे आहे, आणि कोणत्या रोगाने या देशात किती माणसे गाठली याचा विश्वसनीय हिशेब ज्या मोजक्या ठिकाणी मिळू शकतो त्यांत त्याचे स्थान अव्वल आहे. मी वैद्य नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि त्या व्यवसायाने लावलेली एक खोड अशी की, कोणताही तक्ता हाती आला म्हणजे त्यातील आकडे वाचण्यापूर्वी मी त्याचे रकाने वाचतो. कारण आकडा चुकला तर तो पुढच्या वर्षी दुरुस्त होतो, परंतु जो रकानाच आखला गेला नाही त्यातील माणसे कोणत्याच वर्षी मोजली जात नाहीत. अशाच एका न आखलेल्या रकान्याविषयी आपल्याशी जाहीरपणे बोलावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

ज्या विकाराविषयी मला लिहावयाचे आहे त्याला वैद्यकात न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार पहिला, असे म्हणतात. फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याचे सांगोपांग वर्णन केले आणि कातडीवर उगवणाऱ्या मऊ गाठींचा मज्जातंतूंशी असलेला संबंध दाखवून दिला, म्हणून पुष्कळ काळ हा विकार त्याच्याच नावाने ओळखला जात असे. मूल जन्माला येते तेव्हा किंवा त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत त्याच्या अंगावर सपाट, तपकिरी, कडा स्पष्ट असलेले डाग उमटू लागतात. पुढे काखेत आणि जांघेत तिळांसारखे बारीक ठिपके येतात. वयात येताना अंगावर गाठी दिसू लागतात. आणि पुष्कळांना शिकण्यात अडचणी येतात. आपल्याकडे अशा मुलाच्या डागांचे कारण त्याच्या आईच्या गरोदरपणात शोधण्याची रीत आहे. ग्रहणात ती काय चिरत बसली होती, कुठे उभी राहिली होती, असे प्रश्न तिला विचारले जातात, आणि एका निरपराध स्त्रीच्या माथी आयुष्यभराचा दोष मारला जातो. वस्तुस्थिती अशी की, सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा विकार पूर्वी कोणालाही नसतो; त्यांच्या जनुकातील बदल नव्यानेच झालेला असतो, आणि असे नवे बदल बहुतांशी पित्याकडून आलेल्या प्रतीत आढळतात. उरलेल्या निम्म्यांना तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि ज्याला हा विकार आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. येथे नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही, जातीचा नाही, आणि ग्रहणाचा तर मुळीच नाही.

मिशिगन विद्यापीठातील क्रो, शल आणि नील या तिघांनी १९५६ साली या विकारावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात सुमारे तीन हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण मांडले होते, आणि अर्धशतकाहून अधिक काळ तोच आकडा जगभर उद्धृत होत आला. पुढे १९९० साली सतराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक हाती लागले, आणि हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालण्याचे काम करते हे स्पष्ट झाले. आवर सुटला की गाठ होते, आणि मज्जातंतू जेथे जेथे आहेत तेथे तेथे ती होऊ शकते, मेंदूतही. या विकाराच्या मुलांपैकी शेकडा पंधरा ते वीस मुलांना डोळ्यांपासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या दृष्टीच्या मार्गावर अर्बुद होते. ते बहुतेक वेळा प्राणघातक नसते. संथ वाढते, कित्येकदा आपोआप थांबते, आणि क्वचित आकसतेही. परंतु त्यांतील सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या मुलांना त्याचा उपद्रव होतो. दृष्टी मंदावते, डोळा पुढे येतो, किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथींच्या कामात बिघाड होऊन वयात येण्याचे चिन्ह अकाली दिसू लागते. चार वर्षांचे मूल 'मला कमी दिसते' अशी तक्रार घेऊन येत नाही. जे दिसते तेच जग, अशी त्याची समजूत असते. त्यामुळे या अर्बुदाचा शोध मुलाच्या तक्रारीवर सोपवता येत नाही. कोणी तरी मोठ्या माणसाने, ठरलेल्या मुदतीने, त्याचे डोळे तपासावे लागतात.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे हे अर्बुद कोणाला, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत होते या प्रश्नाकडे येतो. याबाबतीत परदेशांत जे काम झाले आहे ते पाहिले म्हणजे नुसत्या मोजदादीतून किती ज्ञान निघते याचा अचंबा वाटतो. पहिली गोष्ट वयाची. दृष्टिमार्गावरील ही अर्बुदे बहुतांशी सहा वर्षांच्या आत प्रकट होतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास त्यांची गर्दी असते, आणि त्यानंतर नवे अर्बुद उपद्रव देऊ लागण्याचा संभव झपाट्याने उतरतो. एवढ्या एका तथ्यावर परदेशी तज्ज्ञांनी एक सोपा शिरस्ता घालून दिला: निरुपद्रवी मुलाच्या मेंदूचे उगीच एमआरआय काढत बसू नये, परंतु बालवयाच्या या पहिल्या सात-आठ वर्षांत त्याचे डोळे दरवर्षी न चुकता तपासावेत. म्हणजे महागडे यंत्र कोठे नको आणि स्वस्त तपासणी कोठे हवी, हे ठरवले ते वयाच्या तक्त्याने.

दुसरी गोष्ट लिंगाची, आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहे. अर्बुद होण्याचे प्रमाण मुलांत आणि मुलींत जवळजवळ सारखेच आहे. परंतु अर्बुद झाल्यावर दृष्टी ढासळून उपचार करावे लागण्याचे प्रमाण मुलींत मुलांच्या सुमारे तिप्पट असल्याचे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड गटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले. त्याच प्रयोगशाळेत हा विकार असलेल्या उंदरांवर केलेल्या कामात नर आणि मादी यांच्या अर्बुदांचे आकारमान सारखेच आढळले, तरी माद्यांच्या डोळ्यांतील मज्जापेशी अधिक मेल्या होत्या. म्हणजे भेद गाठीत नव्हता. गाठीभोवतालच्या शरीरात होता. ज्या देशात मुलीला डॉक्टरकडे नेण्यास मुलापेक्षा उशीर होतो, त्या देशाला या शोधाची गरज अमेरिकेहून किती तरी अधिक आहे हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्याकडील तक्ता नसल्यामुळे आपल्या मुलींची दृष्टी शरीराच्या गुणाने जाते की घराच्या दिरंगाईने जाते, हा प्रश्न आपण विचारूही शकत नाही.

तिसरी गोष्ट वंशाची, आणि येथे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष सावध व्हावे. अमेरिकेतील नोंदींत या विकाराच्या गोऱ्या मुलांच्या तुलनेने कृष्णवर्णीय मुलांत मेंदूतील अर्बुदाचे निदान ठळकपणे कमी आढळते. घाईचा वाचक म्हणेल, काळ्या कातडीला निसर्गाने या बाबतीत अभय दिले आहे. सावध वाचक विचारील की, ज्यांचे एमआरआय कमी निघाले त्यांची अर्बुदे कमी सापडली, एवढाच तर याचा अर्थ नसेल ना? तक्त्यातील भेद रक्तातला आहे की खिशातला आहे हे कळण्यासाठी तक्त्यात आणखी एक रकाना लागतो: तपासणी झाली होती की नव्हती. मुंबईतील मूल आणि गडचिरोलीतील मूल यांच्यात उद्या आपल्याला असाच भेद दिसला, तर आपण त्याला कोणता अर्थ देणार आहोत, याचा निर्णय मोजदाद सुरू करण्यापूर्वीच करावा लागेल.

चौथी गोष्ट प्रौढांची. या विकाराचा मेंदूवरील प्रभाव बालवयात संपत नाही. प्रौढांत घातक प्रकारच्या अर्बुदांचा धोका सर्वसाधारण माणसाहून पुष्कळ अधिक असतो. अमेरिकेत १९८३ ते १९९७ या काळातील सव्वातीन कोटींहून अधिक मृत्यूंचे दाखले तपासले गेले, तेव्हा त्यांत हा विकार नोंदलेली ३,७७० माणसे सापडली. त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सुमारे ५४ वर्षे होते, तर सर्वसाधारण लोकांचे ७०. या अभ्यासात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाक्य मात्र वयाविषयीचे नाही. ते असे की, विकाराच्या ज्ञात प्रमाणावरून जेवढी नावे सापडायला हवी होती त्यांच्या एक-तृतीयांश ते निम्मीच नावे त्या दाखल्यांत होती. दाखले लिहिण्याची उत्तम शिस्त असलेल्या देशातही मरणाऱ्या माणसाच्या मूळ विकाराचे नाव अर्ध्याहून अधिक वेळा कागदावर उतरत नाही. मग ज्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित होणारे मृत्यू चौथ्या हिश्शाच्या आतच आहेत, त्या देशाच्या दाखल्यांकडून काय अपेक्षा करावी?

फिनलंडने या कोंडीतून वाट काढली, आणि तिचे वर्णन मी थोडे विस्ताराने करतो, कारण या पत्रातील मागणीचा तोच पाया आहे. तुर्कू येथील संशोधकांनी देशातील रुग्णालयांच्या दप्तरांतून या विकाराचे चौदाशेंहून अधिक रुग्ण शोधून काढले, आणि प्रत्येक नागरिकाला असलेल्या क्रमांकाच्या आधाराने ती यादी त्या देशाच्या कर्करोग-नोंदवहीशी जुळवून पाहिली. दोन कोरड्या याद्या एकमेकींसमोर ठेवल्या, एवढेच. त्यातून निष्पन्न झाले ते असे की, या रुग्णांना कर्करोग होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे पाचपट आहे. तरुण वयातील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका लक्षणीय आहे. आणि विकाराचे प्रमाणही तीन हजारांत एक नसून दोन हजारांत एक, या घरात आहे. म्हणजे ज्या आकड्यावर जग अर्धशतक विसंबून होते तोही नीट शोधल्यावर बदलला. यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. दोन दप्तरांमधील दार उघडावे लागले.

आता आपल्या दप्तराकडे वळू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आपल्या परिषदेने १९८१ साली सुरू केला. २०१७ साली दुर्मिळ आणि इतर आनुवंशिक विकारांची राष्ट्रीय नोंदही आपणच आरंभिली. दोन्ही उपक्रम स्तुत्य आहेत, आणि दोन्ही आपल्याच छत्राखाली आहेत. तरीही मी वर वर्णन केलेले मूल या दोन्ही नोंदवह्यांच्या मधून निसटते, आणि ते कसे निसटते हे पाहण्यासारखे आहे. कर्करोगाची नोंदवही घातक अर्बुदांची गणती करते. दृष्टिमार्गावरील या अर्बुदांची प्रत बहुधा सौम्य असते, आणि रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांतील नेहमीच्या प्रकाराला घातक हा क्रमांक दिलेला नाही. ही नोंदवही मुख्यतः विकृतिशास्त्राच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या परीक्षेच्या, अहवालावर भिस्त ठेवते. या मुलांत मात्र निदान बहुतेक वेळा नुसत्या एमआरआयवर होते, कारण दृष्टीच्या मज्जातंतूचा तुकडा काढणे म्हणजे जी दृष्टी वाचवायची तीच धोक्यात घालणे. मृत्यूच्या दाखल्यातून नाव यावे, तर मूल मरत नाही. ते फक्त आंधळे होते. आणि या सर्व चाळण्यांतून एखादे मूल नोंदवहीत पोचलेच, तर त्याच्या नावापुढे 'मूळ आनुवंशिक विकार' असा रकाना आपल्या कर्करोग-नोंदणीच्या अहवालांत वाचकाला कोठेच भेटत नाही.

सौम्य अर्बुदे मोजण्याची सक्ती कोणी केली नाही असे नव्हे. अमेरिकेच्या विधिमंडळाने २००२ साली खास कायदा करून मेंदूतील सौम्य अर्बुदांची नोंद कर्करोग-नोंदवह्यांत घेणे बंधनकारक केले, आणि १ जानेवारी २००४ पासून ती घेतली जाऊ लागली. त्या कायद्यामागचा विचार साधा होता: कवटीच्या आत जागा मोजकी असते, म्हणून तेथे 'सौम्य' हे विशेषण गाठीचा स्वभाव सांगते, तिच्या परिणामांची हमी देत नाही.

मूळ विकाराचा रकाना ही नुसत्या अभ्यासकांची हौस आहे, असे मात्र आपण समजू नये. त्याच्याशी उपचार बांधलेले आहेत. हेच अर्बुद हा विकार नसलेल्या मुलाला झाले तर ते सामान्यतः अधिक आक्रमकपणे वाढते. विकार असलेल्या मुलाला झाले तर बहुधा पाहत राहणेच शहाणपणाचे असते, आणि औषध द्यावेच लागले तर कार्बोप्लॅटिन आणि व्हिंक्रिस्टीन ही जोडी पुष्कळ वर्षे वापरात आहे. मेंदूच्या देठात अर्बुद झाले तरी तोच न्याय: इतर मुलांत ज्या निदानाने डॉक्टर हात टेकतात, तेच निदान या मुलांत कित्येकदा वर्षानुवर्षे शांत राहते. याउलट किरणोपचार या मुलांना विशेष जाचक ठरतात. त्यांतून पुढे दुसरे अर्बुद उद्भवण्याचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित होण्याचा धोका त्यांच्यात अधिक असतो. म्हणून अंगावरचे डाग न पाहता केवळ कवटीच्या आतले चित्र पाहणारा डॉक्टर या मुलाच्या बाबतीत एकदा अकारण निराश होईल आणि दुसऱ्यांदा अकारण कठोर होईल. नोंदवहीत रकाना असला की तो भरण्यासाठी डॉक्टरला प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्न विचारला की मुलाचा सदरा वर करून पाहावे लागते. माझ्या मते कोणत्याही नोंदवहीचा अर्धा उपयोग ती भरून झाल्यावर असतो. उरलेला अर्धा ती भरत असतानाच होऊन जातो.

आपल्याकडील संख्या किती असेल? मी केवळ अंकगणित मांडतो, आणि त्याला मोजदाद समजू नये अशी विनंती करतो. भारतात वर्षाला अदमासे सव्वादोन कोटी मुले जन्मतात. तीन हजारांत एक हे जुने प्रमाण धरले तरी दरवर्षी साडेसात हजार मुले या विकारासह जन्माला येतात. त्यांतील शेकडा पंधरा ते वीस म्हणजे अकराशे ते पंधराशे मुलांना दृष्टिमार्गावर अर्बुद होईल. आणि त्यांतील निदान एक-तृतीयांश, म्हणजे चारपाचशे मुलांना, त्याचा उपद्रव होईल. फिनलंडचे प्रमाण धरले तर हे सर्व आकडे दीडपट होतात. ज्या गणितात एका परदेशी अंदाजावर दुसरा परदेशी अंदाज रचला आहे, आणि ज्यात देशी म्हणण्यासारखा आकडा फक्त जन्मांचा आहे, त्या गणितावर कोणत्याही जिल्हा रुग्णालयाची तजवीज करता येत नाही. किती नेत्रतज्ज्ञ लागतील, कोठे लागतील, मुली किती आणि मुलगे किती, ती मुले निदानाच्या वेळी कोणत्या वयाची असतात आणि तोवर त्यांची दृष्टी किती उरलेली असते, यांपैकी एकाही प्रश्नाला हे अंकगणित उत्तर देत नाही.

माणसे कोणत्या चालीरीतींची, कोणत्या समाजाची आणि कोणत्या वयाची आहेत हे नोंदून रोगाचा माग काढण्याची विद्या आपल्याला परदेशातून आणायची आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी हेच काम उभे केले. धोतराच्या काचणीने कमरेशी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली केले ते माणसाच्या वस्त्राकडे पाहूनच. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची कर्करोग-नोंदवही १९६३ साली उघडली, आणि डॉ. दाराब जस्सावाला आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्यातील आकडे समाजवार लावले, तेव्हा पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे दिसून आले. पुढे १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी नोंदवही सुरू झाली, आणि रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा येईल अशी वाट न पाहता तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधू लागले. वस्त्र, समाज आणि गाव हे तीन रकाने महाराष्ट्राच्या भूमीवर अशा रीतीने भरले गेले. मी मागतो आहे तो चौथा आहे.

यावर आपल्या कचेरीतून कोणते आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप प्राधान्याचा असेल: जेथे तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग लाखोंना गाठतो, तेथे काही शे मुलांसाठी नोंदवह्यांची फेररचना का करावी? याला माझे उत्तर असे की, दुर्मिळ विकाराला नोंदवहीची गरज सामान्य विकाराहून अधिक असते. तोंडाचा कर्करोग प्रत्येक जिल्ह्यातील डॉक्टर रोज पाहतो. त्याचे ज्ञान अनुभवाने जमते. हा विकार आणि त्यातून होणारे अर्बुद एका डॉक्टरच्या वाट्याला सबंध कारकिर्दीत दोनतीनदाच येईल. त्याचा अनुभव कधी जमतच नाही. विखुरलेले एकेक उदाहरण जेथे एकत्र येऊन ज्ञान बनते ती जागा नोंदवहीखेरीज दुसरी नाही.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा असेल, आणि तो मी मनापासून मान्य करतो. आपल्या समाजात मुलीच्या अंगावरचे डाग स्थळ पाहायला येणाऱ्यांपासून लपवले जातात, आणि एकीचे निदान उघड झाले तर तिच्या पाठच्या बहिणींची लग्ने अडतात. म्हणून नोंदवहीत नाव नव्हे, क्रमांक असावा. दोन याद्यांची जुळणी परिषदेच्या बंगळूर येथील केंद्रातच, शपथबद्ध हातांनी व्हावी. आणि तालुका किंवा त्याहून लहान घटकाचा आकडा प्रसिद्ध होऊ नये. कुटुंबाची संमती घेताना त्याला हेही सांगावे की, हा विकार कोणाच्याही पापाचे किंवा हलगर्जीपणाचे फळ नाही.

तिसरा आक्षेप वर्गीकरणाचा असेल, आणि तो तज्ज्ञांचा आहे. या विकाराच्या बहुतेक मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूत उजळ ठिपके दिसतात, जे अर्बुद नसतात आणि वयाबरोबर विरतात. ते चुकून गणतीत शिरले तर तक्ता फुगेल. हा धोका खरा आहे. तो टाळण्यासाठी अर्बुद कशास म्हणावे याचे निकष आधी ठरवून छापले पाहिजेत. विकाराचे निदान कसे करावे याचे निकष १९८७ सालीच ठरले आणि २०२१ साली त्यांत सुधारणा झाली. त्यांची मराठी, तमिळ, बंगाली रूपे करून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग आणि नेत्र विभागांत पोचवणे अवघड नाही.

मुलांपर्यंत पोचण्याचा मार्गही आज उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे, सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुले तपासतात, आणि त्यांच्या तीस विकारांच्या यादीत त्वचेचे विकार आणि दृष्टिदोष हे दोन्ही आहेत. हे पथक मुलाच्या अंगावरचे डाग आजही पाहते आणि त्याची नजरही आजही पाहते. फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याची सूचना त्याला मिळालेली नाही. वयात येण्यापूर्वीच्या मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक तपकिरी डाग असतील तर त्याला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे आणि त्याचे डोळे दरवर्षी तपासावेत, एवढी दोन ओळींची सूचना पथकाच्या पुस्तिकेत घालण्यास अंदाजपत्रकात नवे कलम लागत नाही. जी वर्षे या अर्बुदाच्या धोक्याची तीच अंगणवाडीची वर्षे आहेत, हा योग आपल्या देशाच्या पथ्यावर पडणारा आहे.

तेव्हा, महोदय, माझ्या मागण्या चार आहेत. कर्करोग नोंदणी कार्यक्रमात मेंदू आणि दृष्टिमार्ग यांवरील सौम्य अर्बुदांची नोंद सुरू करावी, आणि केवळ एमआरआयवर झालेले निदानही ग्राह्य धरावे. प्रत्येक मेंदू-अर्बुदाच्या नोंदीत 'मूळ आनुवंशिक विकार : आहे, नाही, तपासलेले नाही' असा तीन उत्तरांचा रकाना असावा; यातील तिसरे उत्तर पहिल्या दोहोंइतकेच महत्त्वाचे आहे, कारण आपल्या अज्ञानाचे मोजमाप तेच देईल. दुर्मिळ विकारांची नोंद आणि कर्करोगाची नोंद यांची वर्षातून एकदा जुळणी करावी, आणि तिचा निष्कर्ष वय, लिंग, शहर-खेडे आणि निदानास लागलेला काळ या चार अंगांनी प्रसिद्ध करावा. आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना डागांची व डोळ्यांची सूचना देण्याविषयी आरोग्य मंत्रालयाला आपल्या अधिकाराने लिहावे.

या चारही गोष्टींचा खर्च कागद, शाई आणि काही माणसांचा पगार यांपलीकडे फारसा नाही, आणि त्यांतील पहिल्या तीन करण्यासाठी आपल्याला अन्य कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागेल असे वाटत नाही. पुढील वर्षीच्या नोंदणीचे नमुने छापण्यास जाण्यापूर्वी आपण हा निर्णय करावा, आणि तो काय झाला हे जाहीरपणे कळवावे, अशी नम्र परंतु आग्रहाची विनंती करून हे पत्र पुरे करतो.



आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक